पापुद्रा आणि पोपडा : तप्त धातूंच्या ऑक्सिडीभवनाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

१

‘मुद्रित निकेल मिश्रधातू घडीव मिश्रधातूपेक्षा अधिक गंजतो.’

हे वाक्य लातूरकडील एका संशोधक विद्यार्थ्याच्या प्रबंध-सारांशातील आहे. विषय यंत्र अभियांत्रिकीचा; सारांश मराठीत लिहिलेला असल्याने भाषा तपासण्यासाठी तो प्रस्तुत लेखकाकडे आला. वाक्य व्याकरणशुद्ध आहे. त्यात दुर्बोध असा एकही शब्द नाही. कोणत्याही मराठी वाचकास ते एका वाचनात समजेल. आणि नेमक्या याच कारणाने ते चिंत्य आहे. कारण वाचकास जे समजते ते प्रयोगात घडलेले नव्हते.

प्रयोगात घडले होते ते असे. निकेलच्या एकाच मिश्रधातूचे दोन प्रकारचे तुकडे घेतले : काही पारंपरिक पद्धतीने घडविलेल्या सळईतून कापलेले, काही धातूच्या भुकटीवर लेझर फिरवून थरावर थर चढवीत तयार केलेले. दोन्ही भट्टीत ९०० अंश सेल्सिअस तपमानास ठेवले आणि ठराविक तासांनी बाहेर काढून तोलले. दुसऱ्या प्रकारच्या तुकड्यांचे वजन अधिक वाढले होते. एवढ्या आधारावर ‘अधिक गंजतो’ हे विधान केले गेले. “सर, वजन वाढले म्हणजे धातू बिघडलाच ना ?” असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न धातुशास्त्राचा आहे. परंतु त्याचे उत्तर त्याच्या मनात आधीच ठरवून टाकले होते ते मराठीतील एका क्रियापदाने. म्हणून त्याची चिकित्सा भाषेच्या अभ्यासकाने करणे अनुचित ठरू नये.

परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा नामांची होते. इंग्रजी नामांची यादी करावी, समोर मराठी किंवा संस्कृत नामे मांडावीत, कोणते नाम सोपे व कोणते अवघड यावर वाद घालावा, अशी ही रीत आहे. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश तयार करून या कामी मोठी भर घातली, हे निर्विवाद आहे. तथापि शास्त्रातील अनुमान नामांतून चालत नाही. ते क्रियापदांतून चालते. ‘निकेल’, ‘क्रोमियम’, ‘ऑक्सिजन’ ही नामे उसनी घेतल्याने कोणाच्या विचारात बाध आला नाही. ‘गंजतो’, ‘झिजतो’, ‘सुटतो’, ‘धरतो’ ही क्रियापदे मात्र चुकली की निष्कर्ष चुकतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे. उरलेला भाग त्याच्या समर्थनार्थ आहे.

२

प्रथम ‘गंज’ या शब्दाची व्याप्ती पाहू. मराठी बोलणारा माणूस सगळ्या धातूंना गंज लावीत नाही. गंजते ते लोखंड. पितळेच्या कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो. चांदी काळी पडते किंवा काळवंडते. तांब्याच्या घागरीवर डाग पडतात, हिरवट पूट चढते. तव्यावरची भाकरी करपते, पण तवा करपत नाही. इंग्रजीतील एका ‘ऑक्सिडेशन’ शब्दाच्या अंमलाखाली येणाऱ्या कितीतरी व्यापारांना (कळकण्यासारखे काही व्यापार त्याच्या सीमेवरचे आहेत, हे मान्य करून) घरगुती मराठीने निरनिराळी क्रियापदे दिली आहेत.

या क्रियापदांत दोन गोष्टी समान आहेत. ती सर्व अकर्मक आहेत. लोखंड गंजते, कोणी ते गंजवीत नाही. आणि ती सर्व हानिवाचक आहेत. त्यातही ‘गंज’ शब्दाला झिजेची जोड आहे. गंजलेला पत्रा हाताने चुरगळतो, त्याला भोके पडतात, तो हलका होतो. गंजाचा थर सच्छिद्र असतो, तो धातूला घट्ट धरून राहत नाही, त्याच्या खालून ओलावा आत शिरतो आणि नवे लोखंड खातो. म्हणून गंजण्याला अंत नाही. लोखंड संपेल तेव्हाच ते थांबते. शालेय पाठ्यपुस्तकांत रूढ असलेला ‘क्षरण’ हा शब्दही याच अर्थच्छटेचा आहे. ‘क्षर्’ धातूचा अर्थच मुळी पाझरणे, ओसरणे, कमी होणे असा आहे.

आता निकेलच्या ज्या मिश्रधातूविषयी आपण बोलत आहो त्याचा स्वभाव पाहावा. ‘७१८’ या क्रमांकाने ओळखला जाणारा मिश्रधातू अमेरिकेतील आयझेलस्टाइन या धातुशास्त्रज्ञाने सिद्ध केला. त्याचे पेटंट १९६२ सालचे आहे. त्यात सुमारे ५० ते ५५ टक्के निकेल, १७ ते २१ टक्के क्रोमियम, पाच टक्क्यांच्या आसपास नायोबियम, थोडे मॉलिब्डेनम, टायटेनियम व अॅल्युमिनियम, आणि उरलेले लोह असते. विमानांची व अग्निबाणांची इंजिने, वायू-टर्बाइने अशा तप्त ठिकाणी तो वापरतात. हैदराबाद येथे १९७३ साली स्थापन झालेला ‘मिधानी’ हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना या जातीचे धातू ‘सुपरनी’ या नावाने तयार करतो.

हा मिश्रधातू तापलेल्या हवेत ठेवला की त्याच्या पृष्ठभागाचा ऑक्सिजनाशी संयोग होतो, हे खरे. परंतु सगळे घटक सारख्या तत्परतेने पुढे येत नाहीत. क्रोमियमला ऑक्सिजनाची ओढ निकेलपेक्षा अधिक. ते आतून पृष्ठभागाकडे सरकते आणि तेथे क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, दाट, चिकटून राहणारा थर धरते. हा थर एकदा सलग झाला की त्यातून आत-बाहेर करणाऱ्या अणूंची वाट अवघड होते. थर जितका जाड तितकी वाट लांब, आणि वाट लांब तितकी वाढ मंद. वाग्नर या जर्मन शास्त्रज्ञाने १९३३ साली या व्यापाराची उपपत्ती मांडली. तिच्यानुसार थराच्या जाडीचा वर्ग कालाच्या प्रमाणात वाढतो; म्हणजे जाडी दुप्पट व्हावयास काल चौपट लागतो.

तात्पर्य, ज्या व्यापारामुळे लोखंडाचा नाश होतो त्याच वर्गातील व्यापारामुळे या मिश्रधातूचे रक्षण होते. येथे धातू हलका होत नाही, भारी होतो. कारण हवेतील ऑक्सिजन त्याच्या अंगावर येऊन बसतो. या घटनेला ‘गंजणे’ म्हणणे हे जखमेवर धरलेल्या खपलीला जखम म्हणण्यासारखे आहे.

३

‘गंज’ सोडला तर शास्त्रीय मराठीत दोन रूपे प्रचलित आहेत. पाठ्यपुस्तकांत ‘ऑक्सिडीकरण’ आढळते. मराठी विश्वकोशाने ‘ऑक्सिडीभवन’ हे रूप स्वीकारलेले दिसते. पुष्कळ लेखक ही दोन्ही रूपे पर्यायी समजून एकाच परिच्छेदात वापरतात. ती पर्यायी नाहीत.

संस्कृत व्याकरणात ‘च्वि’ नावाचा एक प्रत्यय आहे. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे, या अर्थी तो लागतो आणि त्यानंतर ‘कृ’, ‘भू’ किंवा ‘अस्’ यांपैकी एका धातूचे रूप येते. शुक्ल नव्हते ते शुक्ल करणे म्हणजे शुक्लीकरण. शुक्ल नव्हते ते आपण होऊन शुक्ल होणे म्हणजे शुक्लीभवन. पहिल्यात कर्ता निराळा, कर्म निराळे. दुसऱ्यात जे बदलते तेच कर्ता. ‘ऑक्सिडी-’ हे अंग परकीय असले तरी त्याला लागलेला ईकार याच घराण्यातला आहे. इंग्रजीतील ‘ऑक्सिडेशन’ शब्दाला हा भेद दाखविता येत नाही. आपल्याला तो फुकट मिळाला आहे, आणि आपण तो वापरीत नाही.

अरबी घराण्यातील परिभाषेशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल, आणि ही तुलना आपल्या भागास परकी नाही. नांदेड व आजचा लातूर जिल्हा १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि विज्ञानासह सर्व विषयांचे उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा प्रयोग झाला. त्यासाठी १९१७ साली भाषांतर-कार्यालय स्थापन झाले होते. वहीदुद्दीन सलीम यांचा परिभाषा-निर्मितीच्या तत्त्वांवरील ‘वज़्अ-ए-इस्तिलाहात’ हा ग्रंथ १९२१ सालचा आहे. म्हणजे देशी भाषेतून विज्ञान शिकवावयाचे तर शब्द कोणत्या नियमाने घडवावेत, ही चर्चा आपल्या भूमीवर शंभर वर्षांपूर्वी ग्रंथरूपाने झालेली आहे. मराठी परिभाषेच्या इतिहासात तिची नोंद क्वचितच घेतली जाते. उर्दूत ऑक्सिडेशनला ‘तक्सीद’ हा शब्द रूढ आहे. तो अरबीच्या ‘तफ़्ईल’ या साच्यात बसतो, आणि हा साचा प्राधान्याने ‘करविणे’ या अर्थाचा आहे. म्हणजे ‘तक्सीद’ने ‘-करणा’ची बाजू घेतली. बंगालीने निराळी वाट धरली. तेथे ‘जारण’ हा शब्द रूढ झाला.

‘जारण’ शब्द मराठीलाही अनोळखी नाही. रसशास्त्रात कथील, शिसे व जस्त या लवकर वितळणाऱ्या धातूंच्या बाबतीत ‘जारण’ हा विधी सांगितला आहे : धातू लोखंडी कढईत वितळवावयाचा, त्यात आघाड्यासारख्या वनस्पतीचे चूर्ण थोडेथोडे टाकीत पळीने घोटावयाचे, आणि सगळ्या धातूची भुकटी होईपर्यंत हा क्रम चालू ठेवावयाचा. आजच्या दृष्टीने यातील मोठा भाग तप्त धातूचा हवेतील ऑक्सिजनाशी संयोग घडविणे हाच आहे. घोटण्याचे प्रयोजनही ध्यानात घेण्यासारखे आहे. वितळलेल्या धातूवर धरलेली साय मोडली नाही तर ती खालच्या धातूला झाकून ठेवील आणि काम थांबेल. म्हणून वैद्य ती सतत मोडीत राहतो. ज्या थराचे टिकणे टर्बाइनच्या अभियंत्यास हवे, त्याच जातीच्या थराचे मोडणे रसवैद्यास हवे होते. दोघांच्याही ज्ञानाचा विषय एकच आहे : थर टिकतो की मोडतो.

बिदरी कामाचे उदाहरण याहून जवळचे आहे. उदगीरच्या पलीकडे, सीमेवरील बिदर येथे जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यांवर चांदीची नक्षी जडवितात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील जुन्या जागेची माती नवसागराच्या पाण्यात कालवून ती तापविलेल्या भांड्यावर चोळतात. भांड्याचा मिश्रधातू कायमचा काळा होतो. चांदी मात्र पांढरी शुभ्र राहते. एकच लेप, एकच उष्णता. एका धातूचा पृष्ठभाग बदलतो, शेजारच्याचा बदलत नाही. येथे कारागीर कर्ता आहे, हेतू आहे, आणि झालेला बदल हानी नसून सिद्धी आहे. येथे ‘-करण’ यथार्थ आहे. रासायनिक व्यापार सर्वस्वी एक नसला तरी ‘पृष्ठभाग निवडून बदलतो’ हे तत्त्व या भांड्यावर उघड्या डोळ्यांनी दिसते.

यावरून एक नियम सुचवावासा वाटतो. कारागिराने, वैद्याने किंवा अभियंत्याने हेतुपूर्वक घडविलेला संयोग तो ‘ऑक्सिडीकरण’. यंत्र चालू असताना धातूचा आपोआप होणारा तो ‘ऑक्सिडीभवन’. वापरण्यापूर्वी भाग मुद्दाम तापवून त्यावर रक्षक थर धरावयास लावणे, हा प्रघात उद्योगात आहे. ते पूर्व-ऑक्सिडीकरण होय. त्यानंतर सेवेत असताना त्या भागाचे जे होत राहते ते ऑक्सिडीभवन. एका वाक्यात दोन्ही शब्द यावेत आणि दोघांचा अर्थ निराळा असावा, हे इंग्रजीत साधत नाही.

‘ऑक्सिडीभवना’तही एक उणीव आहे, ती सांगितलीच पाहिजे. शुक्लीभवनात सगळे वस्त्र शुभ्र होते. ‘मिश्रधातूचे ऑक्सिडीभवन’ म्हटले की सगळा मिश्रधातू ऑक्साइड झाला, असा ध्वनी निघतो. वस्तुतः बदलतो तो फक्त पृष्ठभाग, आणि त्यातलाही प्रामुख्याने एक घटक. म्हणून ‘क्रोमियमचे निवडक ऑक्सिडीभवन’ असे, ज्याचे होते त्याचे नाव घेऊनच लिहावे. षष्ठी कोणाला लावावयाची, हा येथे शैलीचा प्रश्न नाही.

४

आता थराकडे वळू. इंग्रजीत त्याला जो शब्द आहे तोच माशाच्या खवल्याला, तराजूला आणि मोजपट्टीलाही आहे. त्याच्या भाषांतरात हिंदीच्या वळणाने ‘शल्क’ हा शब्द पुढे येतो. शल्क म्हणजे खवला. परंतु खवले सुटे असतात, एकावर एक चढलेले असतात. आपल्याला हवा असलेला गुण सलगपणाचा आहे. इंग्रजी शब्दाचा अपघात आपण संस्कृतात जतन करावा, याला काही कारण दिसत नाही.

मराठीत थरांचे शब्द विपुल आहेत : साय, साल, पूट, लेप, पापुद्रा, पापडी, पोपडा, खपली, कवच. हे समानार्थी नव्हेत. पूट आणि लेप बाहेरून चढवावे लागतात. साय, पापडी आणि खपली वस्तूची वस्तूवरच धरते. क्रोमियम ऑक्साइडचा थर दुसऱ्या गटातील आहे, कारण त्यातील क्रोमियम त्या मिश्रधातूतूनच आलेले असते. म्हणून त्याला ‘लेप’ म्हणणे चूक. बाहेरून फवारलेल्या रक्षक आवरणासाठी तो शब्द राखून ठेवावा. ‘खपली’ जवळची वाटते, आणि वर आम्हीही ती दृष्टान्तादाखल वापरली. परंतु खपलीचे विहित कर्म गळून पडणे हे आहे, आणि या थराचे विहित कर्म टिकणे हे आहे. दृष्टान्त म्हणून ती चालेल, संज्ञा म्हणून चालणार नाही.

राहिले पापुद्रा व पोपडा. भाकरीचा पापुद्रा पातळ असतो, सलग असतो, ती फुगेपर्यंत अंगाला धरून असतो. पोपडा म्हणजे भिंतीच्या गिलाव्याचा फुगलेला, सुटू पाहणारा किंवा सुटलेला तुकडा. मराठवाड्यातील मातीच्या घरात वाढलेल्या कोणालाही हा भेद शिकवावा लागत नाही : भिंतीला पोपडे धरले की ती आतून ओल खात आहे हे घरातल्या म्हातारीलाही कळते. धातुशास्त्रज्ञास नेमका हाच भेद हवा आहे.

कारण भट्टी तापलेली असेतोवर थर शांत असतो. संकट येते ते थंड होताना. धातू अधिक आकुंचन पावतो, ऑक्साइड कमी. दोघांच्या ओढाताणीत थरावर दाब येतो, तो कोठे फुगतो, कोठे तडकतो आणि तुकड्यांनी उडतो. इंजिन चालू-बंद होत राहते तसतसा हा प्रसंग पुनःपुन्हा येतो. दर वेळी उघड्या पडलेल्या जागी नवा थर धरावयास आतून नवे क्रोमियम यावे लागते. तो साठा कमी झाला की क्रोमियमऐवजी निकेल व लोह यांची ऑक्साइडे वाढू लागतात, आणि त्यांची रक्षणशक्ती कमी असते. पापुद्रा टिकला तर धातू वाचला. पोपडे सुटू लागले तर त्याचे आयुष्य मोजता येते. म्हणून ‘पापुद्रा’ ही टिकणाऱ्या थराची आणि ‘पोपडा’ ही सुटणाऱ्या थराची संज्ञा, तसेच ‘पापुद्रा धरणे’ व ‘पोपडे सुटणे’ ही क्रियापदे, शास्त्रीय लेखनात स्वीकारावीत असे आम्ही सुचवितो. ती ग्राम्य वाटतील. परंतु शास्त्राला शब्दाचा दर्जा नको असतो, त्याची मर्यादा हवी असते. आणि या शब्दांची मर्यादा पक्की आहे.

विद्यार्थ्याच्या वजनवाढीचा अर्थही आता निराळा दिसू लागेल. तोलल्यावर मिळणारा आकडा हा एका व्यापाराचा नसून बेरीज-वजाबाकीचा आहे. पापुद्रा धरताना ऑक्सिजन आला, ती जमा. पोपडे सुटून भट्टीत पडले, तो खर्च. सुमारे १००० अंशांच्या वर क्रोमियम ऑक्साइड स्वतःच बाष्परूपाने उडू लागते, तोही खर्च. ज्याचे वजन कमी वाढले त्याचे पोपडे सुटलेले असणे शक्य आहे. ज्याचे अधिक वाढले त्याने पापुद्रा लवकर व चांगला धरलेला असणे शक्य आहे. ‘अधिक गंजतो’ या शब्दांत या शक्यतांना जागाच उरत नाही.

५

आता वाक्यातील पहिला शब्द, ‘मुद्रित’. धातूची भुकटी पसरून लेझरने हवी तेवढी जागा वितळवावयाची, तीवर पुन्हा भुकटी पसरावयाची, असे करीत वस्तू उभी करण्याच्या या पद्धतीला ‘त्रिमितीय मुद्रण’ किंवा ‘थ्रीडी छपाई’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. २०२४ सालच्या ३० मे रोजी अग्निकुल या भारतीय कंपनीने श्रीहरिकोट्याहून उडविलेल्या अग्निबाणाचे इंजिन निकेलच्या मिश्रधातूचे आणि या रीतीने एकसंध केलेले होते. तेव्हा वृत्तपत्रांतूनही ‘मुद्रित इंजिन’ असे शब्द वाचावयास मिळाले. वृत्तपत्रास तो शब्द पुरेसा आहे. शास्त्रीय निबंधास तो पुरेसा नाही, कारण मुद्रणात शाई पृष्ठभागावर बसते आणि कागद तसाच राहतो. येथे तर आतबाहेर सगळी वस्तूच त्या क्रियेतून जन्मते, आणि तिच्या जन्माच्या खुणा तिच्या अंगभर असतात.

मराठीत या ठिकाणी एक तयार प्रत्यय आहे. ओतणे यापासून ‘ओतीव’, घडणे यापासून ‘घडीव’, कोरणे यापासून ‘कोरीव’. ‘ओतीव लोखंड’ व ‘घडीव लोखंड’ हे शब्द कारखान्यांत व पुस्तकांत दोन्हीकडे रुळलेले आहेत. याच साच्यात रचणे यापासून ‘रचीव’ होतो. भुकटीचा एकेक थर साधारणपणे २० ते ६० मायक्रोमीटर जाडीचा असतो; गढीची भिंत जशी रद्द्यावर रद्दा चढवून उभी राहते तशी ही वस्तू शेकडो थरांनी उभी राहते. ‘रचीव’ शब्दात ही कल्पना आहे, आणि ‘ओतीव, घडीव, रचीव’ अशी त्रयी साधल्याने तुलना एका दृष्टीत मांडता येते. शास्त्रातील वादही नेमका याच तिघांमधला आहे.

रचीव धातूच्या जन्मखुणा कोणत्या ? लेझरखाली वितळलेला ठिपका क्षणार्धात थिजतो. तो थंड होण्याचा वेग सेकंदाला लाखो अंशांच्या घरात असतो. इतक्या घाईत घटकांना समान पसरण्यास अवसर मिळत नाही. नायोबियम व मॉलिब्डेनम सूक्ष्म कोशांच्या मधल्या फटींत साचतात. कण रचनेच्या दिशेने लांबट, खांबांसारखे वाढतात, म्हणून उभ्या व आडव्या पृष्ठांचे वर्तन एकसारखे असेलच असे नाही. आणि बाहेरच्या पृष्ठावर अर्धवट वितळलेले भुकटीचे मणी चिकटून राहतात.

ऑक्सिडीभवनावर या प्रत्येक खुणेचा परिणाम निरनिराळा होतो. सूक्ष्म कोशांच्या व कणांच्या सीमा या क्रोमियमला बाहेर येण्याच्या वाटा आहेत. वाटा अधिक असल्यास पापुद्रा लवकर सलग होऊ शकतो. पण त्याच वाटांनी ऑक्सिजन आत शिरून अॅल्युमिनियम व टायटेनियम यांना आतल्या आत गाठू शकतो. रचनेनंतर दिलेल्या उष्णतोपचाराने साचलेले घटक पुन्हा पसरतात आणि चित्र बदलते. म्हणूनच या विषयावरील निबंधांत कोठे रचीव धातू सरस ठरतो, कोठे घडीव, तर कोठे दोघांत फारसा फरक आढळत नाही. मण्यांची गोष्ट तर सर्वांत साधी आणि सर्वांत फसवी आहे. खडबडीत पृष्ठाचे खरे क्षेत्रफळ मोजपट्टीने काढलेल्या क्षेत्रफळाहून अधिक असते. वजनवाढ चौरस सेंटिमीटरमागे सांगितली जाते. भाजक लहान घेतला की भागाकार आपोआप मोठा येतो.

आमच्या विद्यार्थ्याने घडीव तुकडे कागदावर घासून गुळगुळीत केले होते. रचीव तुकडे यंत्रातून निघाले तसेच भट्टीत ठेवले होते. हे त्याने लपविले नव्हते. प्रबंधात ते स्वच्छ लिहिलेले होते. केवळ त्याचे महत्त्व त्याला जाणवले नव्हते, कारण ‘गंजतो’ या शब्दाने शोध संपविला होता. गंजलेली वस्तू वाईट, यापुढे विचारावयाचे ते काय ?

६

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हा प्रमाद धातुशास्त्राच्या अपुऱ्या अभ्यासाचा आहे, त्याचे खापर भाषेवर का फोडावे ? अभ्यास अपुरा होता, हे खरेच. परंतु त्याच विद्यार्थ्याचा इंग्रजी प्रबंध आम्ही पाहिला. तेथे त्याने पाठ केलेल्या वाक्यरचनेत ‘अधिक वजनवाढ आढळली’ एवढेच लिहिले होते. निष्कर्ष सांगणारे क्रियापदच तेथे नव्हते. मराठीत लिहिताना त्याला प्रथमच स्वतःच्या शब्दांत सांगावे लागले, आणि तेव्हा त्याच्या मनातला खरा समज कागदावर आला. म्हणजे मराठीने चूक घडविली असली तरी ती उघडकीसही मराठीनेच आणली. मातृभाषेतून शास्त्र लिहिण्याचा याहून मोठा लाभ आम्हांस सांगता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, हे सगळे कोणासाठी ? संशोधन इंग्रजीत प्रसिद्ध होते, कारखाना इंग्रजीत चालतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण भारतीय भाषांतून देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अनुमती दिली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. या दोन गोष्टींचा उल्लेख आम्ही अभिमानाने नव्हे तर काळजीने करीत आहो. वर्गात मराठी आली आणि तिच्यात क्रियापदे तपासलेली नसली, तर यादीतील नामे पाठ करून मुले पूर्वीप्रमाणेच न समजता उत्तीर्ण होतील; फक्त न समजण्याची भाषा बदलेल. उस्मानियाचा प्रयोग राजकीय कारणांनी संपला असला तरी त्या मंडळींनी शब्द घडविण्यापूर्वी नियमांचा विचार केला, ही गोष्ट आपण त्यांच्यापासून घ्यावी.

आम्ही शुद्धिवादी नाही. ‘ऑक्सिजन’ला ‘प्राणवायू’ म्हटल्याने किंवा न म्हटल्याने निकेलच्या भवितव्यात फरक पडत नाही. परकीय नाम पाहुण्यासारखे घरात राहू शकते. क्रियापदे मात्र घरचीच लागतात, कारण घर तीच चालवितात. तेव्हा परिभाषा तयार करणाऱ्या मंडळींनी प्रत्येक संज्ञेपुढे तिचे एक पूर्ण वाक्य लिहावे, ही आमची सूचना आहे. ‘ऑक्सिडीभवन’ हा शब्द छापून थांबू नये. कशाचे होते, आपोआप होते की केले जाते, आणि झालेला थर राहतो की सुटतो, हे सांगणारे वाक्य सोबत द्यावे. ज्या संज्ञेचे असे वाक्य होत नाही ती संज्ञा अद्याप तयार झालेली नाही, असे समजावे.

विद्यार्थ्याचे वाक्य शेवटी असे झाले : ‘न घासलेल्या रचीव तुकड्यांची वजनवाढ घासलेल्या घडीव तुकड्यांहून अधिक आढळली, त्यांच्या खऱ्या क्षेत्रफळाचा हिशेब केल्याविना, आणि पापुद्रा टिकतो की पोपडे सुटतात हे पाहिल्याविना, दोघांची तुलना करता येत नाही.’ हे वाक्य पहिल्यापेक्षा लांब आहे, आणि त्याच्यात विजयाचा किंवा पराजयाचा निर्णय नाही. त्याने रचीव तुकडेही घासून पुन्हा भट्टीत ठेवले आहेत. त्या फेरीचे आकडे त्याचे आहेत. ते तोच यथाकाल प्रसिद्ध करील.